फ्रीकॅडवाल्या योरिक सरांना, सोलापूरहून

योरिक सर, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नसणार, तरी मराठीतच लिहितोय, कारण हे पत्र इथल्या माझ्यासारख्या लोकांनी पण वाचावं असं वाटतंय, म्हणजे दोन कॉम्प्युटर लावून प्लॅन काढून देणारे, डिप्लोमा करून साइटवर उन्हात उभे राहणारे, कॉलेजची पोरं. यातल्या बऱ्याच जणांना फ्रीकॅड म्हणजे मशीनचे पार्ट काढायचं फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर एवढंच ठाऊक आहे. त्यात भिंत, खिडकी, जिना, छप्पर, सळई सगळं आहे म्हणलं की लोक माझ्याकडं बघतच राहतात. मग सांगावं लागतं, बाबांनो, ब्राझीलमध्ये बरीच वर्षं राहिलेला एक बेल्जियन आर्किटेक्ट आहे, योरिक व्हॅन हावरे नावाचा, त्याने २००८ च्या आसपास या कामात हात घातला आणि अजून काढलेला नाही.

तुम्ही स्वतः आर्किटेक्ट आहात हे टूल वापरताना लगेच कळतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे फ्रीकॅडच्या रेघा मारायच्या भागात, साधी रेघ मारायची, तिच्यावर भिंत उभी करायची, नंतर मालकाने विचार बदलला (बदलतोच) की रेघ सरकवायची, भिंत मागोमाग येते, खिडकी बसवली की भिंतीत भोक आपोआप पडतं. सोलापुरात उत्तर कसब्यातल्या एका जुन्या माळवदाच्या घराचं मोजमाप घेतलं होतं, तिथं दगडमातीच्या भिंती हातभर रुंद, कुठलाच कोपरा काटकोनात नाही, आणि एकच भिंत पुढं जाऊन जाड होते. अशा घराला रेडीमेड भिंतींची लायब्ररी काय कामाची? तिथं रेघेवर भिंत ही पद्धत उपयोगी पडली, प्रत्येक भिंतीची रुंदी वेगळी द्यायची, रेघेच्या डावीकडं ठेवायची का उजवीकडं का मधोमध ते सांगायचं, झालं काम. आणि आमच्याकडं मालक बोलतो फुटात, महापालिकेचा नकाशा मीटरमध्ये, तर फाइल मीटरमध्ये असतानाच रकान्यात फूट-इंच टाकले तरी ते गुमान घेतं. लहान गोष्ट आहे, पण दिवसभर गुणाकार करत बसणाऱ्याला विचारा.

पण माझे खरे आभार दुसऱ्याच गोष्टीसाठी आहेत. आयएफसीसाठी. कॉलेजच्या पोरांसाठी सांगतो, आयएफसी म्हणजे बिल्डिंगची माहिती लिहून ठेवायची खुली पद्धत, आयएसओ १६७३९ हे तिचं स्टँडर्ड. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी ओळीओळीने दिसते, ही भिंत, हा मजला, ही खिडकी, प्रत्येक ओळीला नंबर. आधी काय व्हायचं, आयएफसी फाइल आत घ्यायची म्हणजे सॉफ्टवेअर तिचं स्वतःच्या भाषेत रूपांतर करणार, बाहेर काढताना परत उलटं, आणि या ये-जा मध्ये कायतर गळणारच. तुम्ही फ्रीकॅडमध्ये नेटिव्ह आयएफसी आणलं त्यात ती भानगडच काढून टाकली, फाइल जशी आहे तशीच उघडायची, त्यातच काम करायचं, आणि एक खिडकी बदलली तर त्या खिडकीशी संबंधित ओळीच बदलतात, बाकी फाइल आहे तशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड १.० आलं त्यात हे सगळं आतच मिळालं, बिल्डिंगच्या कामासाठी जुनं आर्च आणि वेगळं टाकावं लागणारं बिम असे दोन तुकडे राहिले नाहीत. आयएफसी फाइल वाचा-लिहायचा खुला कोड करणाऱ्या आयएफसी ओपनशेलवाल्यांचं पण यात मोठं काम आहे, त्यांनाही रामराम.

हे मला एवढं का लागतं? कारण आमच्या धंद्यात माणसाचं घर राहतं पन्नास वर्षं आणि त्याच्या नकाशाची फाइल पाच वर्षांत उघडेनाशी होते. नवीन व्हर्जनमध्ये केलेलं जुन्यात उघडत नाही, वर्षाचं भाडं भरलं नाही तर स्वतःचंच ड्रॉइंग बघता येत नाही, मग निम्मं मार्केट क्रॅकवर, म्हणजे चोरीच्या कॉपीवर, चालतं आणि त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. पूर्व भागातल्या एखाद्या विणकराने खाली पॉवरलूम आणि वर घर बांधलं, उद्या त्याच्या पोराला वर मजला चढवायचा असला तर कॉलम कुठं आणि सळई किती हे त्याला मिळालं पाहिजे, मी असो नसो. आता मी मालकाला पीडीएफबरोबर आयएफसी फाइल पण देतो. तो कधी उघडणार नाही हे मला माहितीय, पण उघडायची वेळ आली तर कुणापुढं हात पसरावा लागणार नाही.

सगळंच गोड आहे असं नाही हं. खिडक्यांचं प्रकरण अजून डोकं खातं, आणि डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या, फाइलसाठी वेगळा कन्व्हर्टर लावावा लागतो, आता तो फॉरमॅटच खुला नाही त्याला तुम्ही तरी काय करणार. पण ड्राफ्ट, आर्च सगळं पायथॉनमध्ये लिहिलेलं, त्यामुळं अडलं तर आत डोकावून बघता येतं, आमच्या ऑफिसातल्या पोराने तसं बघून बघूनच खडी-वाळूचे ब्रास काढून देणारा एक छोटा मॅक्रो, म्हणजे फ्रीकॅडमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. कुठल्या विकतच्या सॉफ्टवेअरने त्याला असं आत येऊ दिलं असतं?

देणगी पाठवलीय, फार नाही, चादरीच्या जोडीएवढी समजा. सोलापूरला कधी आलात तर माळवदाची घरं मी स्वतः फिरून दाखवतो, फक्त एप्रिल-मे मध्ये येऊ नका.

तुमचा,
सोलापूरचा एक ड्राफ्ट्समन