मोजलेल्या कामाचे पैसे

बर्मिंगहॅम,
रविवार

तीर्थरूप आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, ज्वारीचं पीठ इथे मिळतं, पार्सलची घाई करू नकोस. आजचं पत्र जास्त करून अण्णांसाठी आहे, कारण माझं काम घरात त्यांनाच सगळ्यात लवकर कळेल.

अण्णा, माझा हुद्दा ग्रॅज्युएट ट्रेनी क्वांटिटी सर्व्हेअर. इमारत उभी राहत असताना दर महिन्याला किती काम झालं ते मोजायचं, त्याची रक्कम काढायची, वाढीव कामाचा दर ठरवायचा आणि शेवटी सगळा हिशेब मिटवायचा. आपल्याकडे हे ज्युनिअर इंजिनिअर आणि ठेकेदाराचा बिलिंगवाला मिळून करतात, इथे हा वेगळाच पेशा आहे. त्याची संस्था आरआयसीएस, १८६८ पासूनची. ब्रास आणि फूट सोडून सगळं मीटरमध्ये, पण बाकी बरंच ओळखीचं: गिलाव्यात लहान झरोक्याचं माप वजा करत नाहीत, मोठ्या खिडकीचं करतात. तुम्ही सुट्टीत मला टेपचं दुसरं टोक धरायला लावायचात, ते आता उपयोगी पडतंय.

मी मुख्य ठेकेदाराकडे आहे, म्हणजे पोटठेकेदारांची बिलं माझ्या टेबलावर येतात. परवा जिप्सम बोर्डवाल्याच्या फोरमनबरोबर तिसरा मजला फिरले. महिन्याचे पैसे मागण्याच्या अर्जात त्याने ऐंशी टक्के काम धरलं होतं. खोल्यांत दोन्ही बाजूंनी बोर्ड लागले होते, सांधेही भरलेले. पण लिफ्टच्या डक्टभोवती एकाच बाजूला बोर्ड होता, आत भरलेलं रॉकवूल (दगडी लोकर) उघडं दिसत होतं. तेवढं मी कमी केलं. मग त्याने मला जिन्याखालची एक भिंत दाखवली. नकाशा बदलल्यामुळे ती पाडून पुन्हा उभी केली होती आणि ते त्याने बिलात घेतलंच नव्हतं. लेखी सूचना शोधून मी ती रक्कम धरली. आमच्या सीनियर मॅडमनी दोन्ही नोंदी तशाच ठेवल्या. पैसे देणाऱ्याच्या बाजूला बसूनही माप खरं लिहिता येतं, हे मला त्या दिवशी दिसलं. ते मला फार मोलाचं वाटतं.

कारण अण्णा, ती शाळेच्या कंपाउंडची भिंत मी विसरलेले नाही. काम झालं, माप एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, चढलं, तरी "वरून पैसे आले की देतो" एवढंच उत्तर मिळत राहिलं आणि शनिवारचा पगार तुम्ही आईच्या बांगड्या ठेवून वाटलात. इथे १९९६ च्या बांधकाम कायद्याने ती अटच बाद केली आहे. वरचा पैसे देणारा दिवाळखोरीत गेला तरच तिला जागा. रक्कम कापायची असेल तर मुदतीत लेखी नोटीस द्यायची, किती कापली आणि कशी, ते आकड्यांसह. योग्य नोटिसा गेल्या नाहीत तर मागितलेली रक्कम आधी भरायची, भांडण नंतर. वाद झालाच तर अॅड्जुडिकेटर, म्हणजे निवाडा करणारा तटस्थ माणूस, साधारण २८ दिवसांत निर्णय देतो. त्या तारखा सांभाळणं हे माझ्या कामातलं पहिलं जोखमीचं काम.

कायदा असला तरी सगळं आलबेल नाही. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही मोठी कंपनी बुडाली आणि इथल्या जवळच्याच स्मेदिकचं हॉस्पिटल अर्धवट राहिलं. ते सुरू व्हायला २०२४ उजाडलं. खालच्या कितीतरी लहान ठेकेदारांचे पैसे अडकले, त्यात रिटेन्शनही, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, आपली अनामत. इथे ती बहुधा तीन ते पाच टक्के असते, निम्मी काम पूर्ण झाल्यावर सुटते आणि निम्मी दोष दुरुस्त झाल्यावर. कंपनीच गेली तर ती मागायची कुणाकडे? हा प्रश्न इथे अजून सुटलेला नाही.

चार्टर्ड, म्हणजे आरआयसीएसची पूर्ण मान्यता असलेली सर्व्हेअर, व्हायला वेळ आहे. एपीसी नावाची परीक्षा असते. माझ्यासारख्यांना त्याआधी चोवीस महिन्यांचं प्रशिक्षण, रोजच्या कामाची डायरी, मग तीन हजार शब्दांची केस स्टडी आणि तासाभराची मुलाखत. नीतिनियमांवरचे प्रश्न चुकले तर बाकी कितीही येत असो, नापास. ही अट मला पटते.

धाकट्या काकांच्या बंड्याला निरोप द्या. त्याला इकडे यायचं असेल तर आधी आपल्याकडे वर्षभर साइटवर बिलिंग करू दे, एमबी लिहू दे. आणि कोर्स घेताना त्याला आरआयसीएसची मान्यता आहे का ते संस्थेच्या यादीत स्वतः बघू दे, एजंटच्या शब्दावर फी भरू नका. त्याचे प्रश्न त्याने मला लिहून पाठवावेत, मी एकेकाचं उत्तर देईन.

आजीला नमस्कार. अण्णा, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढाच.

तुमची लाडकी,
ताई