धडधडीचं कारण पट्टीवर छापून येत नाही

महोदय,

मनगटावरचा पट्टा आता माणसाच्या भावना ओळखणार, असा लेख आपल्या पुरवणीत वाचला. ईसीजी काढण्यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

एकदा एका तरुणीच्या ईसीजीच्या कागदी पट्टीवर रेघ करवतीच्या दातांसारखी बारीक थरथरत होती. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "घाबरू नकोस गं, यात काही टोचत नाही." ती म्हणाली, "घाबरले नाहीये, थंडी वाजतेय." पंखा बंद केला, अंगावर चादर टाकली, दोन मिनिटांत रेघ स्वच्छ. ती थरथर हृदयाची नव्हतीच, स्नायूंची होती. आणखी एका गृहस्थांचे ठोके मिनिटाला ११८. मी मनातल्या मनात 'भीती' लिहून मोकळी झाले होते. ते जिना धावत चढून आले होते.

तळहाताच्या घामावरून ताण मोजण्याचं लेखात फार कौतुक आहे. घाम सुटला की त्वचेतून वीज सहज वाहते, हे खरं. पण घामग्रंथींना हुकूम सोडणारी सिम्पथेटिक चेतासंस्था भीतीने जागी होते, तशी रागानेही होते आणि आनंदानेही. शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली लोकांना ॲड्रेनलिनचं, म्हणजे धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन देऊन पाहिलं. धडधड कशाने होतेय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते खिदळणाऱ्या सोबत्याबरोबर खिदळण्याकडे झुकले, चिडक्याबरोबर चिडण्याकडे. (पुढे इतरांना हा प्रयोग तसाच उतरवता आला नाही, तेव्हा त्याचाही फार गाजावाजा नको.)

मला खटकलं ते कर्मचाऱ्यांना असे पट्टे बांधण्याचं सुचवणं. अशा शारीरिक खुणांवरून कामाच्या जागी आणि शाळांत भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणासाठी. लेखात याचा उल्लेखही नाही. उद्या साहेबांसमोर कुणाचा पट्टा लाल झाला, तर तो चिडला होता की नुसता जिना चढून आला होता, हे कोण विचारणार?

पट्टा माझ्याही हातात आहे, लेकीने दिलेला. परवा नातवाच्या मागे धावताना त्याने बजावलं, 'ताण जास्त, दीर्घ श्वास घ्या.' थांबून घेतले चार-पाच. 'शांत' अशी अक्षरं उमटली. श्वास सावकाश सोडला की ठोके मंदावतात, तेवढंच त्याने टिपलं. नातू तोवर निसटला होता, आणि मी चांगलीच वैतागले होते.

– एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन