केपाची डबी

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तू पिस्तूल घेणार आहेस हे मला सूनबाईकडून कळलं. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं. शेजारच्या गल्लीत दोन गाड्यांच्या काचा फुटल्या, ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे आहे, आणि टेक्सासात 2021 पासून तर वेगळ्या परवान्याशिवायही कमरेला लावून फिरता येतं. रविवारी मी विषय काढला तर तू म्हणालास, "बाबा, आपल्या घरी नव्हती का बंदूक?"

होती. अजून आहे. निवडणूक संपली, परवाच पोलीस ठाण्यातून परत आणली. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक, पण आचारसंहिता लागली की तीही जमा करावी लागते. रांगेत आम्ही वीसेक म्हातारे, प्रत्येकाच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेली नळी. ह्या फौजेला रानडुक्करही भीत नाही हल्ली.

बंदुका असल्या म्हणून खून वाढत नाहीत, हे पटवायला तू पाठवलेलं सगळं वाचलं. तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे आकडे दिसले की सुटत नाहीत. स्वित्झर्लंडचं तुझं म्हणणं बरोबर आहे. तिथे शंभर माणसांमागे सत्तावीस-अठ्ठावीस बंदुका, तरी वर्षाला लाख माणसांमागे एकसुद्धा खून होत नाही. उलट एल साल्व्हाडोरमध्ये शंभरामागे 12च, आणि 2015 साली लाखामागे शंभरावर खून पडले. जगातले सगळे देश एका आलेखावर मांडले तर ठिपके चहूकडे पसरतात. टोळ्या, गरिबी, पोलीस, कोर्टं, सगळं मध्ये येतं. म्हणून 'बंदुका जास्त तिथे खून जास्त' असं कुणी सरसकट ठोकून दिलं तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

पण तू राहतोस तो देश श्रीमंतांच्या रांगेतला, तर त्याची तुलनाही त्याच रांगेत करायला हवी. अमेरिकेत लोकांच्या हातात शंभरामागे 120 बंदुका, म्हणजे डोक्यांपेक्षा नळ्या जास्त. आणि खुनांचं प्रमाण त्या रांगेतल्या इतरांच्या कित्येक पट. चोऱ्या आणि हाणामाऱ्या काय लंडनला होत नाहीत? होतात की. माणूस मरतो किती, तिथे फरक पडतो. 2021 साली अमेरिकेत सव्वीस हजारांच्या आसपास खून झाले, त्यातले जवळजवळ एकवीस हजार बंदुकीने. त्याच वर्षी बंदुकीने जे एकूण मेले, त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी ती स्वतःवरच चालवली होती. हे मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

झिमरिंग नावाच्या कायद्याच्या अभ्यासकाने 1968 मध्ये शिकागोच्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकीकडे सुरीचे हल्ले, दुसरीकडे बंदुकीचे. भांडणं बहुतेक एकाच जातीची, घरातली नाहीतर गुत्त्यातली. पण बंदुकीच्या हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण सुमारे पाचपट. त्याचं म्हणणं असं, की यातले पुष्कळ लोक जीव घ्यायचं पक्कं ठरवून निघालेलेच नव्हते. जे हाताला लागलं त्यावर पुढचं ठरलं.

आणि तुझे ते लॉट साहेब, ज्यांच्या मते लोकांना पिस्तूल बाळगू दिलं की गुन्हे घटतात. 2004 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या समितीने ते आकडे पाहिले आणि सांगितलं, यावरून घटतात असं म्हणता येत नाही, वाढतात असंही म्हणता येत नाही. तेव्हा तो मुद्दा दोघांनी सोडून देऊ.

मला जास्त अडकवलं ते कॅलिफोर्नियाच्या अभ्यासाने. 2004 ते 2016 पर्यंतच्या नोंदी, पावणेदोन कोटींच्या घरातली प्रौढ माणसं, आणि विचारलेला प्रश्न अगदी आपल्या घरातला. स्वतःकडे पिस्तूल नाही, पण घरातल्या दुसऱ्याकडे आहे, अशांचं काय होतं? त्याच वस्तीतल्या बिनपिस्तुलाच्या घरांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त, आणि नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं सातपट. त्यात बहुतेक बायका. बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसापासून त्या घरांना जास्त संरक्षण मिळालं, असं काही दिसलं नाही. आता तू म्हणशील, आधीच भीतीच्या छायेत असलेले लोकच पिस्तूल घेत असतील. असतील, ती शंका मलाही आली. पण शंकेचा सगळा फायदा पिस्तुलालाच का द्यायचा?

बरं, हे झालं कागदावरचं. एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही.

तू बालवाडीत होतास. बाळाकाकाने पावसाच्या तोंडावर आपली मेर फोडून पाणी स्वतःच्या वाफ्यात वळवलं. मी विचारायला गेलो तर चार माणसांत तो माझ्या वडिलांवरून बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. मी घरी आलो, खुंटीवरची बंदूक काढली आणि पडवीत बसून बार भरायला लागलो. नळीत मापाने दारू घातली. काथ्याचा बोळा सारला, गजाने ठासला. मग छर्रे, वर पुन्हा बोळा, पुन्हा गज. हात थरथरत होते, अर्धे छर्रे जमिनीवर सांडले. ते मी एकेक करून वेचत होतो, एवढंच आठवतं. तेवढ्यात तुझी आजी शेणाची पाटी घेऊन आली. म्हणाली, "डुकर इलो काय रे?"

मी म्हटलं, "होय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून केपाची डबी उचलली, कनवटीला लावली आणि पाटी घेऊन मागीलदारी गेली. एक शब्द बोलली नाही. घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप नसेल तर ती बंदूक म्हणजे नुसती काठी. मी बसून राहिलो. सांडलेले छर्रे सगळे वेचून झाल्यावर भूक लागल्याचं कळलं.

तुझ्या पिस्तुलाला ठासायला किती वेळ लागतो, हे मी दुकानाच्या जाहिरातीत बघितलं.

तू माझ्यापेक्षा शांत आहेस, हे खरं. मीही वर्गात शांत म्हणूनच प्रसिद्ध होतो. तिजोरीत कुलूपबंद ठेवीन म्हणतोस. गेल्या मे महिन्यात तुझ्या ओवीने माझ्या कपाटाची किल्ली देव्हाऱ्यातल्या शंखाखालून शोधून काढली होती, तेव्हा आपण सगळे कौतुकाने हसलो होतो. चार वर्षांची होती ती. आधी दाराला चांगलं कुलूप बसव, अंगणात दिवा लाव, कुत्रा पाळ. कुत्र्याचे पैसे मी देतो.

निर्णय तुम्हा दोघांचा, पण दोघांचा असू दे. सूनबाईला ते घरात नको आहे. ती तुला म्हणाली नसेल, मला म्हणाली.

बाळाकाकाने तुझ्यासाठी फणसाची साठं दिली आहेत, कुणी येणारं असेल तर कळव. त्या दिवसाचं त्याला अजून ठाऊक नाही. तू सांगू नकोस.

तुझा,
बाबा