न घेतलेली हजेरी ‘हजर’ म्हणून नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हजेरी आणि वर्तन-नोंद या दोन्ही विभागांतील दोष व कराराच्या नूतनीकरणाबाबत.

महोदय/महोदया,

शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडताना आमच्या समितीने आपल्याला लेखी प्रश्नावली दिली होती. त्यात एक प्रश्न होता: एखाद्या तासाची हजेरी घेतलीच गेली नाही, तर यादीत काय दिसेल? आपण उत्तर दिलेत, ‘प्रलंबित’. प्रत्यक्षात ‘हजर’ दिसते. आमची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, म्हणून ती आधी मांडतो.

शिक्षकाने हजेरीपट उघडला की सगळ्या नावांपुढे आधीच हिरवी खूण असते. जी मुले आलेली नाहीत त्यांची खूण काढायची, अशी रचना आहे. शिक्षकाचा वेळ वाचावा हा त्यामागचा हेतू आम्हाला समजतो. पण हजेरीपट नुसता उघडून शिक्षक मागच्या पानावर गेला, तरी तो आपोआप जतन होतो. ४० मुलांच्या वर्गात एकाचेही नाव न पुकारता ४० जण हजर लागतात आणि मुख्याध्यापकांच्या पानावर त्या वर्गापुढे ‘पूर्ण’ असे येते. कोणी हजेरी घेतली आणि कोणी नुसते पान उघडले, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

घरून निघालेले मूल शाळेत पोहोचलेच नाही, हे शाळेला सर्वप्रथम कळते ते पहिल्या तासाच्या हजेरीतून. तिथे खोटी हिरवी खूण असली तर घरी फोन जात नाही. आग लागल्यावर मैदानावर मुले मोजतानाही हातात हीच यादी असते. यादीत ४०, समोर ३८. उरलेली दोघे इमारतीत आहेत की आज आलीच नाहीत, याचे उत्तर त्या क्षणी हवे असते, आणि आपली यादी ते देऊ शकत नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. प्रत्येक नावापुढची पहिली स्थिती ‘नोंद नाही’ अशी हवी, करड्या रंगात. गैरहजर मुलांवर खूण केल्यावर शिक्षकाने स्वतः दाबायचे ‘बाकी सगळे हजर’ असे बटण द्यावे. म्हणजे वेळही वाचतो आणि हजेरी घेतल्याची जबाबदारीही कोणाची ते नोंदले जाते. तास सुरू होऊन १५ मिनिटे झाली की हजेरी न घेतलेल्या वर्गांची यादी कार्यालयाच्या पडद्यावर यावी, आणि असा तास टक्केवारीत अंशातही धरू नये, छेदातही नाही.

दुसरा दोष उशिरा येणाऱ्या मुलांचा. वर्गात शिक्षक ‘गैरहजर’ लावतात, मूल २० मिनिटांनी येते, कार्यालयातून ‘उशिरा’ अशी नोंद होते. इथवर ठीक. पण शिक्षकाचा फोन तेव्हा नेटवर्कबाहेर असेल, तर तासाभराने जोडणी आल्यावर त्यातली जुनी हजेरी सर्व्हरवर चढते आणि ‘उशिरा’चे पुन्हा ‘गैरहजर’ होते. मूल वर्गात बसलेले असताना पालकांना ‘आपला पाल्य शाळेत आलेला नाही’ असा संदेश जातो. याचे कारण आम्ही तपासून पाहिले आहे. आपले ॲप बदललेले नाव तेवढे न पाठवता अख्खा हजेरीपट पाठवते, आणि सर्व्हर जे शेवटी पोहोचेल ते खरे मानतो. शिवाय जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी बसते. मूल किती वाजता आले, आधी काय लागले होते, कोणी बदलले, यातले काहीच उरत नाही. प्रत्येक बदल स्वतंत्र ओळ म्हणून साठवावा, त्यात बदल फोनवर केव्हा झाला आणि सर्व्हरवर केव्हा पोहोचला अशा दोन्ही वेळा असाव्यात. फोनचे घड्याळ पुढेमागे असू शकते, म्हणून एकाच वेळेवर विसंबता येत नाही.

बदली शिक्षकांची अडचणही याच्याशीच निगडित आहे. वेळापत्रकात ज्यांचे नाव आहे त्यांनाच हजेरीपट दिसतो, त्यामुळे ऐनवेळी दुसऱ्याच्या तासाला गेलेले शिक्षक त्याचा पासवर्ड मागून घेतात. मग नोंद कोणाच्या नावावर पडली याला काही अर्थच राहत नाही. त्या एका तासापुरता अधिकार देण्याची सोय पर्यवेक्षकांकडे हवी.

टक्केवारीचे हिशेब दोन ठिकाणी चुकतात. महिन्यात २५ दिवस शाळा भरली, एक मूल १५ दिवस उलटल्यावर दाखल झाले आणि उरलेल्या १० पैकी ९ दिवस आले, तर त्याची हजेरी ९० टक्के. आपला अहवाल ९ ला २५ ने भागून ३६ टक्के दाखवतो. दुसरे, शाळेची एकूण हजेरी काढताना वर्गांच्या टक्केवारीची सरासरी घेतली जाते. ५० मुलांच्या वर्गात ४० हजर आणि १० मुलांच्या वर्गात १० हजर, तर खरा आकडा ६० पैकी ५० म्हणजे ८३.३३ टक्के. अहवालात ९० येतात.

आता वर्तन-नोंद. इथली चूक मुलांच्या थेट जिव्हारी लागते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

नोंदीचा फॉर्म उघडताच पहिला रकाना ‘प्रकार’ असा आहे आणि त्यातले पर्याय ‘उद्धट’, ‘बेशिस्त’, ‘आळशी’ असे आहेत. ही शिक्षकाची मते झाली, घडलेली घटना नव्हे. काय घडले ते लिहायचा रकाना शेवटी आणि ऐच्छिक. नोंदीचा उपयोग व्हायचा तर क्रम उलटा हवा: कोणत्या तासाला, कुठे, लगेच आधी काय झाले होते, मुलाने नेमके काय केले किंवा म्हटले, त्यानंतर मोठ्यांनी काय केले. ‘उद्धट’ या शब्दावरून कोणालाच काही करता येत नाही. ‘फळ्यावर येऊन वाचायला सांगितले, तेव्हा वही जमिनीवर टाकली’ अशा तीन नोंदी एकत्र दिसल्या, तर मुलाला वाचनाची अडचण असावी अशी शंका तरी येते. आपल्या फॉर्ममधून तेवढीही माहिती मागे राहत नाही.

गुणांची बेरीजही फसवी आहे. चांगल्या वर्तनाचे अधिक गुण आणि वाईटाचे वजा गुण एकाच आकड्यात मिसळतात. १२ अधिक आणि १२ वजा मिळालेले मूल शून्यावर येते, आणि वर्षभरात ज्याची एकदाही नोंद झाली नाही असे गप्प बसणारे मूलही शून्यावरच. दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. हे दोन आकडे वेगळे दाखवावेत, आणि एकही नोंद नसलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांना आपणहून मिळावी.

त्यातच चुकीची नोंद रद्द केली तरी गुण परत येत नाहीत. एकूण बेरीज वेगळी साठवली जाते आणि नोंद रद्द झाल्यावर ती पुन्हा मोजली जात नाही, हे त्याचे कारण. एकच भांडण तीन शिक्षकांनी नोंदवले तर तीनदा गुण कापले जातात. आकडा वजा १० वर गेला की पालकांना ताकीदपत्र आपोआप जाते, कोणाही माणसाने न वाचता. या तिन्ही चुका एकत्र आल्या, तर रद्द झालेल्या नोंदीवरूनही घरी ताकीद जाऊ शकते.

सर्वांत गंभीर बाब पालकांच्या पानाची. दोन मुलांच्या भांडणाची नोंद केली की एकच मजकूर दोघांच्याही घरी दिसतो, दुसऱ्या मुलाच्या नावासकट. ज्याला मार बसला त्याचे नाव, आणि त्याने शिक्षकांना विश्वासाने सांगितलेले शब्दही, मारणाऱ्याच्या घरी पोहोचतात. यानंतर ते मूल पुन्हा कधी तोंड उघडेल का? घटना एकच ठेवावी, पण तिच्यात प्रत्येक मुलाची भूमिका वेगळी, पालकांसाठीचा मजकूर वेगळा, आणि तो कोणीतरी वाचून मंजूर केल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

नावांबाबत एक लहानसे दिसणारे पण त्रासदायक प्रकरण आहे. ‘कऱ्हाडे’सारख्या आडनावातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आपली प्रणाली त्यांना वेगळे मानते, त्यामुळे नाव शोधून सापडत नाही, यादी पुन्हा चढवली की त्याच मुलाचे दुसरे खाते तयार होते आणि त्याची हजेरी दोन खात्यांत विभागली जाते. मूल नावावरून न ओळखता नोंदणी क्रमांकावरून ओळखावे, आणि शोधताना ही दोन्ही रूपे एकच धरावीत.

माहिती बाहेर काढायला गेलो तर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये उघडताच देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे येतात, कारण अक्षरे यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली आहेत हे सांगणारी खूणच फाइलच्या सुरुवातीला नाही. नोंदणी क्रमांकातली आधीची शून्ये गळतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च ते कळत नाही. बदलांचा इतिहास फाइलमध्ये नाहीच, आणि वर्तन-नोंदी फक्त पीडीएफमध्ये मिळतात. निवडीच्या वेळी ‘आपली माहिती केव्हाही पूर्ण परत मिळेल’ असे आपण लिहून दिले होते.

आमच्या मागण्या अशा. वर्तन-नोंदी पालकांना दिसणे आणि ताकीदपत्रे आपोआप जाणे आजच बंद करावे, बाकीचे दुरुस्त होण्याची वाट न पाहता. ‘नोंद नाही’ ही स्थिती आणि बदलांचा इतिहास केव्हापर्यंत देणार, ते १५ दिवसांत तारखेसह लेखी कळवावे. त्याच मुदतीत आमची सर्व माहिती, सर्व्हरवर बदलांच्या काही नोंदी उरल्या असतील तर त्यांसह, वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी. पत्राचे उत्तर येईपर्यंत नूतनीकरणाची प्रक्रिया आम्ही थांबवली आहे. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर करार संपवून उरलेल्या काळाचे शुल्क परत मागू.

प्रत्येक दोष पुन्हा कसा घडवून पाहायचा याच्या पायऱ्या सोबत जोडल्या आहेत. हजेरीचा दोष तपासायला एक मिनिट पुरते: चाचणी खात्यातून कोणताही वर्ग उघडा, काहीही न करता मागे या, आणि मुख्याध्यापकांच्या खात्यातून त्याच वर्गाचा अहवाल पाहा.

आपले,
सॉफ्टवेअर निवड समिती

सोबत: लेखी प्रश्नावली आणि आपली उत्तरे, दोष तपासण्याच्या पायऱ्या, मुलांची नावे झाकलेली पडद्यांची छायाचित्रे.