आई आता प्रॉम्प्टिंग करते

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. बोलायचं कोंकणीत आणि पत्र लिहायचं मराठीत, ही आपल्या घरची जुनी रीत; पण पुण्याला आल्यापासून मी पत्रच लिहिलं नव्हतं. फोन असताना कोण लिहितं? ही गोष्ट मात्र फोनवर होणारी नव्हती. का, ते पुढे कळेलच.

चवथीला दुसऱ्या रात्री वाड्यावरची पोरं आरतीला आली, तेव्हापासून हे डोक्यात आहे. मातीचं घुमट, शामेळाचा ढोल, कांसाळ्यांच्या झांजा, सगळं जोरात होतं. बाबा, तुम्ही मागे दाराशी उभे होतात. खिडकीखाली तुमचं घुमट होतंच. एका पोरानं ते उचलून तुमच्यापुढे धरलं, तर तुम्ही हसून म्हणालात, "आता तुम्हीच वाजवा रे." सगळ्यांना वाटलं, मास्तर वयाचा मान राखताहेत. मी बाजूलाच होते. कांसाळ्यांचा खणखणाट सुरू झाला की तुमच्या कपाळावर आठी पडत होती, आणि कडवं बदललं की टाळी अर्धी मात्रा मागे राहत होती. ज्या माणसाकडून मी ताल शिकले, त्याची टाळी.

त्या चार दिवसांत मग मी तुमच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. निवृत्तीनंतर तुम्ही सुस्तावाल अशी दादाला भीती होती, तसं काही झालेलं नाही. रोज देवळापर्यंत चालत जाऊन येता. कुळागरात पोफळींखाली तास-दोन तास काढता. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दमछाक न होणारा पण अंग जागं ठेवणारा व्यायाम सांगते. ते तुमचं बुधवारीच पूर्ण होत असेल. तोल सांभाळायची कसरत आठवड्यातून तीनदा करा असंही ते म्हणतात. कुळागरातल्या पाटाच्या कडेनं सुपाऱ्या वेचत जाणाऱ्याला ती वेगळी कशाला सांगायची? आणि मोडी शिकलात! अडुसष्टाव्या वर्षी. पणजोबांच्या जमिनीचे कागद तुम्ही मला वाचून दाखवलेत, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

पण मग एक गोष्ट खटकली. मोडी, शब्दकोडं, कुळागर, वर्तमानपत्र. तुमचे सगळे नवे छंद मुके आहेत. ज्याला कान लागतो ते एकेक करून सुटलं: आरती, देवळातलं गुरुवारचं भजन, ग्रंथालयाच्या बैठका. फिरायला तुम्ही आता साडेपाचलाच निघता. पूर्वी साडेसहाला निघायचात, आणि परतताना तुमची चौकडी हॉटेलात मिक्स भाजी-पाव आणि चहावर तासभर बसायची. मी विचारलं, तर म्हणालात, "उन्हाचा त्रास होतो." बाबा, साडेसहाला कसलं ऊन?

त्रास उन्हाचा नाही, त्या टेबलाचा आहे. चार माणसं एकदम बोलतात, मागे कपबशा वाजतात, पंखा घरघरतो, कोणीतरी विनोद करतो आणि सगळे हसतात. तुम्ही पण हसता, अर्धा क्षण उशिरा. दोन-चारदा असं झालं की माणूस वेळच बदलतो.

मी इथे एका कानाच्या डॉक्टरांना भेटून आले. तुम्हाला न विचारता गेले, त्याबद्दल काय ते बोलून घ्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आपल्या घरातले निम्मे वाद उलगडले. वयानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही, आधी वरच्या पट्टीचे सूर जातात. शब्द ओळखू येतात ते स, श, त, फ असल्या हलक्या व्यंजनांमुळे, आणि नेमकी तीच वरच्या पट्टीत असतात. खालचे जाड आवाज शाबूत राहतात. म्हणून तुम्ही म्हणता, "मला ऐकू येतं, तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." दोन्ही खरं आहे. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणूनच दादाचं बोलणं तुम्हाला कळतं आणि माझं व नातीचं कळत नाही, आणि ती बिचारी समजते की आजोबांचा आपल्यावर राग आहे. कांसाळें टोचतात त्यालाही कारण आहे. अशा कानाला हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो.

आता आई, तुझ्याकडे वळते.

बाबा उत्सवातल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे ते आठवतं ना? उजव्या विंगेत, हातात वही आणि बॅटरी. नट अडखळायच्या आधी त्यांना कळायचं. श्वास कुठे तुटला यावरून. शब्द असा सोडायचे की नटाला पोचेल आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना कळणार नाही. गावातले लोक अजून सांगतात. चवथीत मी बघत होते, तर आता ते काम तू करतेस. पाहुण्यांनी काही विचारलं की तू बाबांकडे वळून तेच पुन्हा म्हणतेस. कधी तर त्यांच्या वतीनं उत्तरच देऊन टाकतेस. फोन तू घेतेस. बँकेत तू बरोबर जातेस. त्यात तुझा जीव दमतो, आणि तू बोलत नाहीस. गेल्या पौषात तू धालोला, बायकांच्या त्या रात्रीच्या नाच-गाण्यांना, गेली नाहीस, तेव्हा मला गुडघा म्हणालीस. फुगडीला मात्र गुडघा चांगला चालला! शेवटी शेजारच्या काकींनी सांगितलं: "तिला बाबांपाशी राहावं लागतं गो, रात्री कोणी हाक मारली तर त्यांना कळत नाही." मांडावर, धालोच्या अंगणात, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, त्यातल्या एकीत तुझी आई उभी राहायची, मग तू. तुझ्या पाठ असलेल्या गाण्यांतली निम्मी कोणाच्या वहीत नाहीत. एक कान जातो आणि घरातली दोन माणसं घरी बसतात, असं झालंय आपल्याकडे.

या सगळ्यात माझीही चूक आहे. फोनवर बाबांनी दोनदा "काय?" विचारलं की मी म्हणते, "काही नाही, राहू दे. आईला द्या." हे मी किती वेळा म्हटलंय ते मोजायची माझी हिंमत नाही.

बाबा, तुम्हाला कारणाशिवाय काही पटत नाही आणि अर्धवट आकडे तर मुळीच चालत नाहीत, म्हणून दोन्ही बाजू लिहिते. स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली. ही सगळी दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत ऐकू कमी येणं आहे आणि माणसांत मिसळणं बंद होणं हेही आहे. आपल्याकडे दुसरं पहिल्यामागोमाग आलंय. मग श्रवणयंत्रानं फरक पडतो का? अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं एक चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात स्मरणशक्ती आणि विचारशक्ती घटण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी राहिला. म्हणजे हे रामबाण औषध नव्हे. मला तर तेवढ्यासाठी तुमच्या कानात यंत्र नकोच आहे. मला साडेसहाचं टेबल परत हवंय.

दादानं दुबईहून ऑनलाइन मागवून दिलेलं ते यंत्र टेबलाच्या खणात आहे, मी बघितलं. शिटी मारायचं म्हणून तुम्ही काढून ठेवलंत, बरंच केलंत. ते श्रवणयंत्र नव्हेच. ते सगळेच आवाज सारखे मोठे करतं, पंखा पण आणि माणूस पण. खऱ्या यंत्राआधी तपासणी होते: बंद खोलीत बसवून कुठल्या पट्टीचा सूर किती हळू असताना ऐकू येतो ते मोजतात, त्याचा आलेख काढतात आणि जिथे खड्डा आहे तिथेच यंत्रानं भर घालतात. तरीही पहिले काही आठवडे कटकटीचे जातात, असं डॉक्टर म्हणाले. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा वाजल्यासारखं वाटतं. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो. मोडीचं पहिलं पान वाचायला तुम्हाला किती दिवस लागले होते? आणि हो, आधी डॉक्टर कानात बघतील. नुसता मळ निघाला तर हे सगळं पत्र फुकट, आणि मी आनंदानं चेष्टा सहन करीन.

दिवाळीला मी आठवडाभर येतेय. पाडव्यानंतरच्या सोमवारी आपण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊ, कान-नाक-घशाच्या ओपीडीत. सकाळी लवकर निघू, रांग असते. आई घरी राहील किंवा काकींकडे जाईल. ती बरोबर येणार नाही, कारण डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत. परतताना वाटलं तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात डोकावू. १८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय आहे, आणि तुम्ही निवृत्तीच्या दिवशी म्हणाला होतात की आता आठवड्यातून एकदा कदंबाच्या बसनं तिथे जाईन. अजून एकदाही गेला नाहीत. तिकीट काढताना कंडक्टर काय म्हणाला ते कळत नाही, म्हणून ना?

रागावला असाल तर रागवा, पण सोमवार मोकळा ठेवा. घुमटाचं चामडं सैल झालंय, ते मी आल्यावर दोघं मिळून उन्हात धरू.

आई, पौषात मांडावर तुझ्यासाठी जागा धरायला मी काकींना सांगून ठेवलंय. आणि एक कर. हे पत्र बाबांना तू वाचून दाखवू नकोस. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत.

तुमची,
बाय