बायकांना नेमकं काय आवडतं?

संपादक महोदय,

टीव्हीवरच्या मालिकांत बायकांच्या त्याच त्या कथा का, असं विचारलं की 'बायकांना हेच आवडतं' हे मालिका करणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर येतं; ते मला मुळीच पटत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या दुपारच्या मालिकांना साबण कंपन्यांनी पैसा पुरवला, कारण घरची खरेदी गृहिणी करत. तिथे आवडीआधी गिऱ्हाईक ठरलं होतं! आजही सोशिक नायिका आणि नटलेली कारस्थानी खलनायिका हीच जोडी पुन्हा पुन्हा समोर येते. नायिका डॉक्टर असली तरी रुग्ण तपासताना क्वचितच दिसते. तिचं शिक्षण लग्न ठरेपर्यंतच कथेत असतं. पुरुषांच्या कथांत मात्र कामच कथानक असतं. स्त्रियांचं कसब, पैशाचे निर्णय, एकमेकींशी मैत्री यांवरची एखादी मालिका वाहिन्यांनी मोक्याच्या वेळेला वर्षभर चालवावी आणि मग आवडीबद्दल बोलावं.

– एक प्रेक्षक