सुटका करा, पण आम्हाला कळवा तरी

संपादक साहेब, नमस्कार.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की कैद्यांना सोडल्याच्या बातम्या येतात. मी त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण आमच्या घरात हा विषय आहे.

२००६ साली माझ्या मामांचा खून झाला. कागल तालुक्यातलं गाव, बांधावरून भांडण, आणि मारणारा भावकीतलाच. त्याला जन्मठेप लागली, कळंबा जेलला गेला. मामीला एवढंच माहीत की तो आत आहे. २०२३ मध्ये ती आठवडी बाजारात मेथी घेत होती आणि मागून आवाज आला, "वैनी, बरं हाय न्हवं?" मामी पिशवी तिथंच टाकून घरी आली आणि तीन दिवस जेवली नाही. मग चौकशी केल्यावर कळलं की मुदतीआधी सुटका होऊन त्याला दोन महिने झालेले, इतके दिवस बहिणीच्या गावी होता. आम्हाला कुणी एक फोन नाही केला, साधी चिठ्ठी नाही, काहीच नाही.

आता कुणी म्हणेल की याला फाशीच द्यायची होती वाटतं. तसं नाही ओ. तो आत सुतारकाम शिकला, कुठं मारामारी केली नाही असं ऐकलंय, आता पण कुणाच्या वाटेला जात नाही. सुधारलेला माणूस बाहेर यावा हे मला पटतं. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना उघड्या वसाहतीत शेतीवर ठेवलं, ते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातच आहे की. उलट आत ठेवलं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही, ९३च्या बॉम्बस्फोटातला एक कैदी जून २०२४ मध्ये कळंब्याच्या जेलमध्येच बाकीच्या कैद्यांकडून मारला गेला.

पण लोकांचा एक गैरसमज आहे, जन्मठेप म्हणजे १४ वर्षं. तसं नाहीये. फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप लागली तर १४ वर्षांच्या आधी सोडता येत नाही, एवढंच कायदा म्हणतो. म्हणजे ती कमीत कमी आहे, १४ झाली की गेट उघडलं असं नाही. सुप्रीम कोर्टाने गांधीहत्येत शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसेच्या केसमध्ये १९६१ सालीच सांगितलंय की जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, त्याच्या आत सोडायचं का ते सरकारने ठरवायचं. मग सरकार जर ठरवणार असेल तर कशाच्या जोरावर ठरवतं हे घरच्यांना कळायला नको?

बिल्किस बानोचं प्रकरण आठवा, २००२ च्या गुजरात दंगलीत जिच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि घरची माणसं मारली गेली ती. केस गुजरातमधून मुंबईला आणलेली, २००८ मध्ये शिक्षा मुंबईच्या कोर्टाने दिली, आणि १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने ११ जणांना सोडून दिलं. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या कोर्टाचं मत विरोधात होतं, सीबीआयचं पण. बाहेर आल्यावर त्यांना हार घातले. त्या बाईला आधी कुणी विचारलं नव्हतं. शेवटी ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द केली, हा अधिकार गुजरातचा नव्हताच, महाराष्ट्राचा होता म्हणून, आणि सगळे परत आत गेले. पण तोवर दीड वर्ष तिच्या घराने कसं काढलं असेल ते मला मामीकडे बघून कळतं.

आणि आपल्या कोल्हापूरचीच गावित बहिणींची केस, लहान मुलं पळवून त्यांचे खून केल्याची. २००१ मध्ये इथल्या कोर्टाने फाशी दिली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, पण दयेचा अर्ज निकालात निघायला २०१४ उजाडलं आणि त्या उशिरामुळे जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. फाशी हवी की नको हा वाद बाजूला ठेवा, पण ज्यांची लेकरं गेली त्यांनी २५ वर्षं नुसती वाट बघितली आणि चूक फाईल दाबून ठेवणाऱ्यांची.

जेलमध्ये गर्दी आहे हे मान्य. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे ज्यांचा निकालच लागला नाही. मोबाईल चोरला, भांडणात ढकललं, जामीनदार मिळत नाही म्हणून आत सडणारी पोरं. नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर त्याला जामिनावर सोडायची सोय आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून), ती नीट वापरा, जागा तिथं होईल. खून आणि बलात्काराच्या फायली मात्र एकेक बघा, सणाच्या यादीत एकदम घालू नका.

नवीन कायद्याप्रमाणे तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. मग सुटकेचं पण तसंच करा. अर्ज आला की घरच्यांना लेखी कळवा, त्यांचं म्हणणं ऐका, आणि ऑर्डरमध्ये कारण लिहा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, आता मुंबईच्या एसटीचे पैसे जमवत बसायला नको, पण ऑर्डर निघालीय हेच माहीत नसेल तर बेंचकडे जायचं कशाला घेऊन?

मामी अजून बाजाराला जात नाही, भाजी मी नेऊन देतो. तिचा फोन नंबर तेव्हापासून तोच आहे, केसच्या कागदावर पण तोच लिहिलाय.

एक वाचक, कोल्हापूर